डुलूच्या उंचीचा टीपॉय

मी एक जुना टीपॉय आहे, आणि आयुष्यात मी इतका मार खाल्ला आहे की तुमच्या वर्गातल्या सगळ्यात द्वाड मुलालाही माझी कीव येईल. पण कीव नको. मी ती मागायला आलेलो नाही.

मार कसला, ते आधी सांगतो. लहान मूल धावत येतं, माझ्यावर आपटतं आणि भोकाड पसरतं. मग कुणीतरी मोठं माणूस येतं, मुलाला कडेवर घेतं आणि माझ्या पाठीत दोन चापट्या हाणतं. टीपॉयने मारलं का माझ्या सोन्याला, थांब, आपण त्यालाच मारू. मूल गप्प होतं, मोठ्या माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि मी विनाकारण गुन्हेगार ठरतो. मित्रांनो, मी जागचा हललेलो नसतो. ज्याला हलताच येत नाही त्याने कुणाला मारलं कसं, एवढं तरी कुणी विचारावं की नाही?

म्हणून आज मी माझी बाजू मांडणार आहे. तिच्याबरोबर एका मुलीचीही बाजू येईल, कारण आम्हा दोघांना लोकांनी एकाच काळात नावं ठेवली.

माझा जन्म सुताराच्या कारखान्यात झाला. एका जुन्या दरवाजाचं लाकूड उरलं होतं. चांगलं मुरलेलं, कीड न लागलेलं. ते बघायला एक तरुण फ्रेमवाला आला. फोटोंना चौकटी बसवून द्यायचं दुकान त्याने नुकतंच काढलं होतं. त्याला बुटका टीपॉय हवा होता, म्हणजे गिऱ्हाईक बाकावर बसलं की समोर ठेवलेला फोटो त्याला वरून नीट दिसावा. सुतार म्हणाला की कोपरे जरा गोल करून देतो, नाहीतर येता-जाता नडगीला लागतील. फ्रेमवाल्याने ऐकलं नाही. त्याला कोपरे नेमके काटकोनात हवे होते. चौकटीच्या दोन पट्ट्या जोडल्या की माझ्या कोपऱ्याला लावून बघायच्या. फट दिसली नाही तर काम चोख. सुताराने मग काटकोन तपासायचा गुण्या लावून, डोळा बारीक करून, पुन्हा गुण्या लावून माझे चारही कोपरे काढले.

माझ्यासारखे बरेच जण सांगतात की रंधा फिरताना गुदगुल्या झाल्या. मला दुखलं. पण पॉलिश चढल्यावर मी असा चमकलो की सुताराने माझ्यात बघून स्वतःच्या मिशा नीट केल्या, हेही तितकंच खरं.

दुकानातले माझे दिवस मानाचे होते. माझ्यावर लोक आपली जपून ठेवलेली चीजवस्तू ठेवायचे. लग्नाचे फोटो, शर्यतीत मिळालेली प्रशस्तिपत्रकं, गेलेल्या माणसाचा एकुलता एक धूसर फोटो. माझ्यापाशी बसलेली माणसं हळू आवाजात बोलायची. फ्रेमवाला सोनेरी, काळ्या, नक्षीच्या पट्ट्यांचे तुकडे माझ्यावर मांडायचा आणि गिऱ्हाईक ठरवेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचा नाही. एखाद्याने चौकट वाकडी दिसते म्हणून कुरकुर केली, तर तो ती माझ्या कोपऱ्याला लावून दाखवायचा आणि मला थोपटून म्हणायचा, हा खोटं बोलत नाही.

एकदा टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणारी एक मुलगी सहकाऱ्यांचा फोटो घेऊन आली. पट्टी पसंत करायला तिला फार वेळ लागला. दोन दिवसांनी ती पट्टी बदलायला आली. त्यानंतर आली तेव्हा हातात फोटोच नव्हता. पुढे त्यांचं लग्न झालं, दुकानात उंच काउंटर आलं, आणि माझी बदली वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात झाली. मी चहाचे कप सांभाळू लागलो. फ्रेमवाल्याला आणि पत्रवालीला मी आता आई-बाबा म्हणणार आहे, कारण लवकरच त्या घरात एक मुलगी आली आणि त्यांची तीच नावं झाली.

मुलीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते कुणी वापरलंच नाही. ती बसायला लागली तेव्हा शेजारच्या घरातून गाणं ऐकू आलं की बसल्या जागी डोलायची. म्हणून बाबा तिला डुलू म्हणायला लागले, आणि डुलूच राहिली.

डुलूच्या बरोबरीची मुलं रांगायला लागली, तेव्हा डुलू बसून होती. दोन्ही पाय मागे दुमडून, ऐसपैस. ती मुलं उभी राहिली, तेव्हा डुलू ढुंगणावर सरकायला लागली. राणीसरकारांची स्वारी निघाली, असं म्हणून घरात हसणं व्हायचं. मग हळूहळू ते हसणं बंद झालं. तिला उभं केलं की दोरीवरून ओला टॉवेल घसरावा तशी ती खाली यायची. खूप उशिरा चालायला लागली, तीही पाय फाकवून, हात वर धरून, आणि पायात काही नसताना सपाट फरशीवर धाडकन पडायची. चमचा तोंडाऐवजी गालावर जायचा. दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायचा. दारं रुंद होती, पण डुलूला आपण कुठे संपतो आणि दार कुठे सुरू होतं हेच कळत नव्हतं.

टीपॉयभोवती घरातलं सगळं बोललं जातं, त्यामुळे डुलूला दाखवायला नेलं तेव्हा दवाखान्यात काय झालं ते मला बसल्या जागी कळलं. तिथल्या भिंतीवर एक चित्र होतं. त्यात एकाच बाळाची रांग काढली होती, कुशीवर वळणारं, बसलेलं, रांगणारं, उभं राहिलेलं, धावणारं. आईचं काम वर्गवारीचं. हातात पाकीट आलं की ते कुठल्या कप्प्यात जायचं हे तिला न बघता कळायचं. आपली मुलगी त्या रांगेत कुठल्या बाळाजवळ बसवायची, हे मात्र तिला कळेना. डॉक्टर म्हणाले की तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत, मुलगी हुशार आहे, फक्त स्नायू जरा सैल आणि सांधे फार लवचीक आहेत. व्यायाम लागेल, धीर लागेल. पुढे किती सुधारणा होईल ते मात्र आज सांगता येणार नाही. आई-बाबांनी घरी आणलं ते एवढं शेवटचं वाक्यच.

त्या संध्याकाळी माझ्यावरच्या चहावर साय धरली. आई म्हणाली, पोटुशी असताना आपण टपालाची जड पोती उचलली, त्यामुळे तर नसेल? बाबा म्हणाले, तसं काही नसतं. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं की आपल्या घराण्यात कुणी असं होतं का. दोघंही दोष शोधत होते आणि मिळाला तर तो आपल्याच पदरात पडावा म्हणून धडपडत होते. डुलू त्या वेळी खाली बसून माझा पाय चाटत होती.

मग ते घडलं. बाबा दुकान बंद करून वर आले. दार वाजताच डुलू आतल्या खोलीतून निघाली. बाबा दिसले, तिला हसू आलं, हसताना पायात पाय अडकला आणि ती सरळ माझ्या कोपऱ्यावर आली. भुवई फुटली. रक्त माझ्यावर सांडलं, हे मी नाकारत नाही. आई-बाबा तिला तसंच उचलून दवाखान्यात घेऊन गेले. परत आले तेव्हा तिच्या कपाळावर टाके होते आणि ती बाबांच्या खांद्यावर झोपली होती. बाबांनी तिला आत निजवलं, बाहेर आले आणि मला उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं. या वेळी चापटीवर भागलं नाही.

बाल्कनीत मी किती काळ काढला ते मोजलं नाही. माझ्यावर कुंड्या आल्या. कुंड्यांतलं पाणी माझ्या पाठीवर झिरपलं, उन्हाने पॉलिशला फोड आले, आणि कबुतरांनी काय केलं ते मी सांगत नाही. ज्या पाठीवर लोकांनी आपल्या माणसांचे फोटो ठेवले होते, तिच्यावर आता खताची पिशवी होती. मला राग आला, आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही.

दाराच्या काचेतून घर दिसायचं. माझ्यामागोमाग खुर्च्या गेल्या, स्टूल गेलं, छोटं कपाट गेलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या अंथरल्या गेल्या. आई कचेरीत गेली की बाबा डुलूला कडेवर घेऊन दुकानात जायचे आणि एका हाताने गिऱ्हाईक करायचे. जिना उतरताना कडेवर, चढताना कडेवर, घरातही कडेवर. बाबांची कंबर धरली, पण डुलूला ओरखडा उठला नाही. आणि डुलू काय शिकली? हात वर केले की पाय हलवावे लागत नाहीत, हे शिकली. मी बघत होतो. आधी ती पडत होती, पण निघत तरी होती. आता ती गादीवर बसून नुसते हात वर करायची.

आईच्या ते लक्षात आलं. एके सकाळी तिने बाबांना सांगितलं की आज व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येणार आहेत, मी बोलावलं आहे. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

त्या बाईंना सगळे मॅडम म्हणायचे. ठेंगण्या, ठणठणीत, आवाज असा की कबुतरं उडाली. आल्या आल्या चपला काढून त्या खाली बसल्या, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं की इथे माणसं राहतात की पैलवान. मग त्यांनी डुलूला गादीच्या मधोमध उभं केलं. गादी पायाखाली दबली आणि डुलू बसली. मॅडमनी बाबांना गादीवर अनवाणी, डोळे मिटून चालायला सांगितलं. बाबा चार पावलांत भिंतीला धरून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या की तुमचा तोल जातो, मग तिचा का नाही जाणार. तिला पायाखाली टणक जमीन द्या. आणि धरायला काय आहे घरात?

बाबांनी अभिमानाने सांगितलं की काही नाही, सगळं काढून टाकलं आहे.

मॅडम उठल्या आणि बाल्कनीत आल्या. एक कुंडी उचलून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, दोन्ही हातांनी मला गदागदा हलवून बघितलं. मग डुलूला आणून माझ्यापाशी उभं केलं. मी तिच्या छातीशी आलो. तिने दोन्ही तळवे माझ्यावर टेकले आणि ती उभी राहिली. खतात, चिखलात, पण उभी राहिली.

"हा घरात येणार नाही," बाबा म्हणाले. "याच्यावरच तिची भुवई फुटली."

"हा हलतो का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग हाच पाहिजे. हलणारं काही धरून तिला उभं राहता येणार नाही."

मित्रांनो, माझं न हलणं हा गुन्हा नसून गुण आहे, हे माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी बोललं.

तरी बाबांची नजर माझ्या कोपऱ्यावरून हटत नव्हती. तेव्हा आई म्हणाली, "अहो, आणा तो आत. कोपऱ्यांची भीती वाटते ना, मग कोपरे काढा. पण तिला धरायला काहीतरी द्या."

बाबा खाली दुकानात गेले आणि कानस घेऊन आले. ज्या कोपऱ्यांवर त्यांनी इतकी वर्षं चौकटी पारखल्या, ते कोपरे त्यांनी स्वतःच्या हाताने घासले. भुसा खाली पडत होता आणि ते मध्येच थांबून बोट फिरवून बघत होते. सुताराची सगळी मेहनत गेली. त्या धंद्यातलं माझं कसब गेलं. मला वाईट वाटलं, आणि ते मी लपवत नाही. सगळं झाल्यावर बाबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी स्वतःचं कपाळ माझ्या एकेका कोपऱ्यावर आपटून बघितलं. चारही. मग म्हणाले, चालेल.

गाद्या उचलल्या गेल्या आणि मी खोलीच्या मध्यभागी परत आलो. माझ्यामागून हळूहळू सोफा-खुर्च्याही आल्या.

मॅडमचे नियम साधे होते. डुलूला या टोकाला उभं करायचं, तिच्या आवडीची वस्तू त्या टोकाला ठेवायची, आणि बोलवायचं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. सगळ्यात कडक नियम बाबांसाठी होता. ती चालत असताना बाबांनी स्वतःच्या हातांवर बसायचं, म्हणजे हात आपोआप पुढे जाणार नाहीत. हे ऐकून आई किती तरी दिवसांनी खळखळून हसली. बाबा मात्र खरोखर हातांवर बसायचे. डुलू डगमगली की त्यांचे खांदे उडायचे, पण हात खालीच.

पहिल्यांदा माझी कड हातातून सुटून ती हनुवटीवर आपटली, तेव्हा बाबांचा एक हात सुटलाच. सवयीने तो माझ्यावर उगारला गेला. मॅडमनी मनगट धरलं. त्याला मारलंत तर ती समजेल की वस्तू येऊन आपल्याला लागतात, असं त्या म्हणाल्या. तिला उलट सांगा, टीपॉय इथे आहे, तू कुठे आहेस ते बघ. तेव्हापासून घरात हा एक खेळच झाला. आई विचारायची, टीपॉय कुठे आहे? डुलू माझ्यावर थाप मारायची. आणि डुलू कुठे आहे? ती थोडा विचार करायची आणि स्वतःच्या पोटावर थाप मारायची. आपण कुठे आहोत हे माहीत असणं ही सोपी गोष्ट नाही. मोठ्या माणसांनाही ती नेहमी जमते असं नाही.

हे सगळं भराभर झालं असं समजू नका. कडेकडेने चालायला जमलं, तेवढ्यात तिला ताप आला आणि आठवडाभरात सगळं विसरायला झालं. पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी आई माझ्याशेजारी जमिनीवर बसून मुकाट्याने रडत होती. डुलू माझ्या त्या टोकाला होती. तिने कड धरली आणि एकेक पाऊल सरकवत, वळणावर थांबत, आईपर्यंत आली. आईला वाटलं लेक डोळे पुसायला आली. डुलूने आईच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि तोंडात घातलं. सरळ तोंडात, गालावर नाही. आई रडता रडता हसली आणि तिने उरलेली सगळी बिस्किटं माझ्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

आता मावशीबद्दल सांगतो. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मनाने वाईट नव्हती, उलट सगळ्यांचं भलं करायची तिला इतकी घाई असायची की समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायची नाही. लहानपणापासून आईने तिचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. मावशीचा छोटू डुलूपेक्षा लहान होता आणि सोफ्यावरून उड्या मारत होता.

त्या दिवशी मावशी चहाला आली होती. बाबाही दुकानातून वर आले होते. छोटूकडे बघून, मग डुलूकडे बघून मावशीने सुस्कारा टाकला आणि विचारलं की अजून तसंच का. मग म्हणाली की यंदा हिला बालवर्गात घालूच नकोस. मुलं हसतील, शिक्षिका सांभाळणार नाहीत, चारचौघांत शोभा होईल. वर्षभर घरीच ठेव, मी तुझ्या भल्यासाठीच सांगते. आई कपाचा कान धरून बसली होती.

तेवढ्यात डुलू आतल्या खोलीच्या दारात आली. चौकट धरून तिने माझ्याकडे बघितलं आणि चौकट सोडली. दारापासून माझ्यापर्यंत धरायला काहीच नव्हतं. एवढं अंतर न धरता ती कधी आली नव्हती. हात वर, पाय फाकवलेले, जीभ बाहेर. थोडं अंतर कापून झालं आणि ती डगमगली. मावशीच्याने बघवेना. ती उठली, डुलूला काखेत धरून उचललं आणि आणून माझ्यापाशी उभं केलं. आला बघ टीपॉय, असं लाडाने म्हणाली.

डुलूने माझ्यावर हात टेकले नाहीत. ती खाली बसली. मावशीकडे अशा नजरेने बघितलं की मावशी मागे सरली. मग ढुंगणावर सरकत सरकत, सगळी खोली ओलांडून, ती परत दारात गेली. जिथून निघाली होती तिथेच. चौकट धरली आणि उभी राहू लागली.

मावशी पुन्हा पुढे झाली.

"ताई, तिला हात लावू नकोस," आई म्हणाली.

"अगं, पण पडेल ती."

"पडू दे. तिचं तिला येऊ दे."

आवाज मोठा नव्हता, पण मावशीला असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मावशी उभीच राहिली. बाबा सोफ्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही हात हळूच मांडीखाली घेतले.

डुलू निघाली आणि मध्येच पडली. चांगली जोरात, हातांवर. छोटू हसला. कुणी जागचं हललं नाही. तिने तळवे जमिनीवर टेकले, ढुंगण वर केलं, मॅडमनी शिकवलं होतं तसं एकेक गुडघा सरळ केला आणि उभी राहिली. मग जे राहिलं होतं ते अंतर ती चालत आली आणि दोन्ही तळवे असे माझ्यावर आपटले की कप बशीत वाजले. त्या थापेने माझं लाकूड आतपर्यंत हललं. तशी थाप मी आयुष्यभर खाईन.

थोडा दम घेऊन ती वळली आणि पुन्हा दाराकडे निघाली. मावशीची पर्स वाटेत जमिनीवर होती. मावशीने वाकून ती उचलली आणि मांडीवर घेऊन बसली.

"बालवर्गात ती याच वर्षी जाणार," आई म्हणाली. "हसतील ते हसू देत. ती कुठे ऐकायला थांबलीय?"

आता तुम्हाला वाटेल की पुढे डुलू शर्यतीत पहिली आली. नाही आली. शर्यतीत ती नेहमी शेवटची येते आणि येताना कुणाला तरी धडकते. तिचे गुडघे बारा महिने खरचटलेले असतात. बुटाची नाडी बांधायला ती सगळ्यांत शेवटी शिकली. पाण्याचा पेला अजून सांडतो. डॉक्टरांनी आई-बाबांना सांगितलं की ताकद छान आली आहे, बाकी तिची चाल अशीच राहील. या वेळी दोघंही घरी येऊन आरामात चहा प्याले. बालवर्गात शिक्षिकेने सुरुवातीला तिला खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवलं होतं, सुरक्षित म्हणून. डुलू बाकावरून उठली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठली. शेवटी शिक्षिका कंटाळली, डुलू नाही.

त्या वर्षांत मी तिची होडी झालो, डोंगर झालो, रंगमंच झालो. तिच्या उड्यांनी माझा एक पाय खिळखिळा झाला. पॉलिश तर बाल्कनीतच गेलं होतं. पण तक्रार करण्यासारखं मला त्यात काही दिसलं नाही. बाल्कनीत निजून राहण्यापेक्षा घरात झिजणं केव्हाही परवडलं.

डुलू चौथीत होती तेव्हा आम्ही घर बदललं. बाबांना दुसऱ्या रस्त्यावर मोठं दुकान मिळालं होतं. टेम्पोवाल्याने सगळं सामान भरलं, दोरी आवळली आणि वर येऊन बघतो तर मी राहिलेलो. तो बाबांना म्हणाला की टेम्पोत फार जागा नाही, आणि याचा पाय तर गेलाच आहे, याला कशाला न्यायचं. बाबा माझ्याकडे बघत घुटमळले. नव्या घरासाठी नवं टेबल आधीच घेऊन झालं होतं.

"मी नेते त्याला," डुलू म्हणाली आणि तिने माझी एक बाजू उचलली.

टेम्पोवाल्याने तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. "जिना आहे पोरी. पडशील."

"पडते ना. रोजच पडते," डुलू म्हणाली. "तुम्ही खाली दोरी सोडून ठेवा."

आईने माझी दुसरी बाजू धरली. बाबा पुढे गेले आणि त्यांनी जिन्याचं दार उघडून धरलं.

मला भीती वाटली का? वाटली. डुलूचे हात घामेजले होते आणि प्रत्येक पायरीला मी तिच्या बाजूने कलत होतो. जिन्याच्या वळणावर तिचा पाय चुकलाच. मी भिंतीवर आदळलो, माझ्या कडेचा एक टवका उडाला, आणि डुलू धपकन पायरीवर बसली. कोपर सोललं. पण तिने मला सोडलं नव्हतं. माझी बाजू तिच्या मांडीवर होती. खालून टेम्पोवाला दोन-दोन पायऱ्या चढत हात पुढे करून आला.

डुलूने कोपराकडे बघितलं, त्यावर फुंकर घातली आणि मला पुन्हा उचललं.

"काका, वाट सोडा," ती म्हणाली.

टेम्पोवाला भिंतीला चिकटून उभा राहिला. आम्ही तिघं खाली उतरलो.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने लोक शेवटी आपली निगा राखा म्हणून हात जोडतात. मी जोडणार नाही. माझा टवका उडाला तर उडू द्या, पाय मोडला तर नवा बसवा, पण कुंडीखाली ठेवू नका. आणि तुमच्या घरात, वर्गात कुणी डुलत, धडपडत, सगळ्यांच्या मागून येत असेल, तर त्याच्या वतीने घाबरू नका आणि त्याला उचलून तुमच्या सोयीच्या जागी नेऊन ठेवू नका. हात हवा असेल तेव्हा तो मागेल, तेव्हा घट्ट द्या. तोवर मदत करायचीच असेल तर एवढीच करा. वाट सोडा.